पिंप, यीस्ट आणि माझे नाव

मी, मोर्ता गाइलिएने, कै. इग्नास ग्रिगास यांची मुलगी, कै. लिउदास गाइलिस यांची पत्नी, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार क्लेविने, जिल्हा बिर्झाई, देश लिथुआनिया, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे आणि माझ्या नावाचे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे.

बिर्झाईच्या नोटरीबाईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यात ‘मिळकतीचे वर्णन’ यापुढे दोन ओळींची जागा होती. दोन ओळींत माझे पिंपसुद्धा मावत नाही, म्हणून मी वही घेतली. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही असे बाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न ज्याने केला त्याचे नाव कलम सातमध्ये येईल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचा जुना कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा.

कलम १. घर. क्लेविने येथील घर, धान्याचे कोठार, त्याला लागून असलेली बियरची खोली, विहीर, सफरचंदाची सहा झाडे आणि खालची जमीन, हे सर्व माझी भाची गेनुते हिला मिळावे. गेनुते ही माझा मोठा भाऊ बाल्त्रुस याची मुलगी. ती दूध गोळा करणारी गाडी चालवते. तिच्या नवऱ्याने तिला सोडले असे गावात म्हणतात. तसे नाही. तिने त्याला सोडले, आणि माझ्यासमोर सोडले. या मिळकतीवर तिचा भाऊ आर्विदास याचा कोणताही हक्क राहणार नाही.

कलम २. भट्टी आणि हत्यारे. स्वयंपाकघरातली भट्टी घराचाच भाग आहे, पण तिच्याबद्दल वेगळे लिहिते, कारण नवीन माणसे घर घेतात आणि पहिल्यांदा भट्टी पाडतात. गेनुते, ही पाडायची नाही. आपल्याकडची बियर भाजून होते. मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा गरम पाण्यात भिजवायचा, राय धान्याच्या पेंढ्यावर त्याच्या जाड लाद्या थापायच्या आणि भट्टीत भाजायच्या, वरून काळपट, आतून मधाच्या रंगाच्या. मग त्या फोडून पिंपात गरम पाण्यात घालायच्या आणि गोड रस खालून गाळून घ्यायचा. या भट्टीत चौदा लाद्या बसतात. पंधरावी बसवू नकोस. मी बसवली आहे, ती कच्ची राहते.

लांब पळी, बियरला कडवटपणा देणारी हॉपची फुले उकळायचे तांब्याचे पातेले, गाळण्याच्या तळाशी घालायच्या रासबेरीच्या काड्यांच्या जुड्या (कोठारात, डाव्या हाताला टांगलेल्या), आणि दुधाचे तीन ॲल्युमिनियमचे कॅन, हे सगळे गेनुतेला. कॅन जुन्या सरकारी सामुदायिक शेतीच्या डेअरीचे आहेत. परत करायचे राहून गेले. आता ज्या डेअरीला परत करायचे तीच राहिलेली नाही, तेव्हा त्या बाबतीत माझे मन स्वच्छ आहे.

ड्रॉवरमध्ये थर्मामीटर आहे. गेनुतेने आणला होता. मी बोट घालून पाण्याची ऊब ओळखते, थर्मामीटर वापरत नाही, असे मी सगळ्यांना सांगत आले. वापरते. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून लिहिले.

कलम ३. जुन्या पिंपाच्या फळ्या. कोठाराच्या माळ्यावर ओकच्या लाकडाच्या अकरा फुटक्या फळ्या दोरीने बांधून ठेवल्या आहेत. त्या आर्विदासला द्याव्यात. त्या कसल्या आहेत हे त्याला कळावे म्हणून पुढचे लिहिते. त्याच्या वडिलांनी त्याला वेगळे सांगितले असणार.

ते पिंप माझ्या आजोबांनी केलेले होते. त्यात माझे वडील अख्ख्या क्लेविनेची बियर करायचे. लग्न असो, बारसे असो, कोणी गेले असो, लोक जवाची पोती आमच्याकडे आणून टाकायचे. वडिलांचा नियम होता की बियर होत असताना बाई त्या खोलीत आली तर यीस्ट रुसते. विहिरीचे पाणी मात्र बाईनेच आणायचे, उंबऱ्यापर्यंत. मी वयाच्या दहाव्या वर्षापासून उंबऱ्यापर्यंत पाणी आणले. आत बाल्त्रुस शिकत होता. तो शिकत होता म्हणजे पोत्यावर बसून सफरचंद खात होता. मी बादली ठेवायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावायचे. जे दिसायचे नाही ते वासावरून कळायचे.

एकोणीसशे छप्पन्न साली उन्हाळ्यात आमचा शेजारी स्तेपोनास बाल्सिस याचे लग्न ठरले. लग्नाच्या दहा दिवस आधी वडिलांना न्यूमोनिया झाला आणि त्यांना बिर्झाईच्या इस्पितळात नेले. बाल्त्रुस म्हणाला, “मी करतो, त्यात काय आहे.” त्याने रस गाळला, तो निवू दिला नाही, आणि कढत रसातच यीस्ट ओतले. घरात होते नव्हते तेवढे सगळे. दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन गेले तर आत काहीच आवाज नाही. आंबणाऱ्या बियरचा एक बारीक आवाज असतो, पातेल्यात दूध वर यायच्या आधी होतो तसा. तो नव्हता. बाल्त्रुस पोत्यावर डोके धरून बसला होता.

“मोर्ता, सगळं मेलं गं. बाबा मला मारतील.”

“बाबा इस्पितळात आहेत. तुला स्तेपोनास मारेल.”

“आता काय करू?”

“ऊठ त्या पोत्यावरून. मला जव हवेत.”

मी उंबरा ओलांडला. पाय नीट पडला की नाही तेही आठवत नाही, इतकी घाई होती. बाल्त्रुसला मी सरपण फोडायला बसवले आणि सायकल घेऊन पलीकडच्या गावी यूलेबाईंकडे गेले. वडिलांनी फार वर्षांपूर्वी त्यांना आमच्यातले यीस्ट दिले होते. त्यांनी बरणीभर परत दिले आणि विचारले, “इग्नास आजारी ना? मग करतंय कोण?” मी म्हणाले, “बघू.” ती बरणी मी ब्लाउजच्या आत धरून आणली, तिला गारवा लागू नये म्हणून. सायकल एका हाताने चालवली.

लग्नाला बियर पुरली, आणि चांगली झाली. चांगली झाली हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, त्या दिवशी सगळे सांगत होते. म्हाताऱ्यांनी टेबलावर मुठी आपटल्या आणि विचारले, “कोणी केली रे?” मी बियरचा जग घेऊन तिथेच उभी होते. बाल्त्रुसने माझ्याकडे पाहिले. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

वडील बरे होऊन घरी आले, उरलेल्यातला एक घोट घेतला आणि म्हणाले, “ही बाल्त्रुसची नाही.” माझ्याकडे बराच वेळ पाहिले. आणि पुढच्या आठवड्यात, आपल्याला आता झेपत नाही म्हणून, लांब पळी बाल्त्रुसच्या हातात दिली. वडिलांना मी माफ केलेले नाही. दरवर्षी त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावते, आणि माफ केलेले नाही.

त्यानंतर तीस वर्षे बियर मी केली आणि नाव बाल्त्रुसचे झाले. आत मी असायचे, दाराशी तो. कोणी आले की तो बाहेर जाऊन बोलायचा, “आत येऊ नका, यीस्ट रुसतं.”

तीस वर्षे गप्प का राहिलीस, असे गेनुते मला विचारते. कारण गप्प राहिले तर मला आत राहता येत होते. एवढेच कारण आहे. मोठे काही नाही.

मग शहाऐंशी साली वरून दारूबंदीचा हुकूम आला. वसंतातल्या एका सकाळी तीन माणसे अंगणात आली. एक जिल्ह्याचा अधिकारी, एक पोलीस, आणि गावातला जबाबदार माणूस म्हणून आमच्या सामुदायिक शेतीचा मुकादम. मुकादम म्हणजे माझा भाऊ बाल्त्रुस.

“हे पिंप कोणाचं?” अधिकाऱ्याने विचारले.

मला वाटले बाल्त्रुस म्हणेल, आजोबांचे आहे, जुने झाले, पावसाचे पाणी साठवतो. तेवढे म्हटले असते तरी भागले असते. अधिकाऱ्यालाही जेवायला घरी जायचे होते.

बाल्त्रुस म्हणाला, “माझ्या बहिणीचं. बियर तीच करते, साहेब. आधीपासून तीच करते. मी कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

ज्या वाक्याची मी तीस वर्षे वाट पाहिली ते मला असे मिळाले, सोबत कुऱ्हाड घेऊन.

मी म्हणाले, “खरं आहे. लिहून घ्या. मोर्ता गाइलिएने, माहेरची ग्रिगास. नाव नीट लिहा.”

पोलीस तरुण होता. तो हळूच म्हणाला, “बाई, हा कबुलीजबाब होतोय.”

“होऊ दे. स्तेपोनासच्या लग्नापासूनची सगळी बियर माझी. तीही लिहा. मागचीपण.”

त्याने पिंप फोडले. आठ घाव लागले, लाकूड चांगले होते. लोखंडी पट्ट्या निसटून अंगणभर गडगडत गेल्या. अर्धे आंबलेले सगळे मातीत गेले आणि कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. पोलिसाला तहान लागली. तो विहिरीवर गेला, बादली ओढली, आणि म्हणाला, “ही दुसरी दोरी कसली?”

“लोणी आहे,” मी म्हणाले. “उन्हात वितळतं.”

त्या दोरीला यीस्टची बरणी होती. तो तिच्या शेजारचे पाणी पिऊन गेला.

तर आर्विदास, फळ्या त्या आहेत. त्यांच्यावरचे आठ घाव पोलिसाचे आहेत. नववा दिसत नाही, तो तुझ्या वडिलांचा.

कलम ४. फलक. सामुदायिक शेतीच्या कचेरीसमोर गावाची लाज काढणाऱ्यांचे फोटो लावायची पाटी होती. तिथे एका छोट्या फलकावर माझा फोटो लागला. खाली लिहिले होते: ‘घरी बियर करणारी, मोर्ता गाइलिएने, गावाला कलंक.’ फोटो काढणारा मला म्हणाला होता की हसू नका. तुम्ही फोटो पाहाल तेव्हा मी ऐकले नाही हे दिसेल. गावात मला बियर करणारी म्हणून पहिल्यांदा लेखी मान्यता मिळाली ती अशी. दोन महिन्यांनी माझा नवरा लिउदास पान्हा घेऊन गेला आणि भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, तो फलक काढून कोटाखाली घालून घरी घेऊन आला. लिउदास हा असा माणूस होता. आम्हाला मूल झाले नाही, पण त्याबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही. फलकाबाबत मात्र म्हणाला, “तुझा फोटो आहे, आपल्या घरात हवा.”

हा फलक क्लेविनेच्या वाचनालयाला द्यावा. शब्द न पुसता लावावा. वाचनालयाच्या यादविगाबाईंनी हे मृत्युपत्र शुद्धलेखनासाठी वाचले आणि त्यांना ‘गावाला कलंक’ खाली एखादी समजावणी लिहायची आहे. लिहू नये.

कलम ५. लिउदासचे पिंप. सध्याचे मोठे पिंप लिउदासने सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात केले. तो सामुदायिक शेतीच्या सुतारकामात होता. तिथे ओक फक्त अध्यक्षांच्या टेबलासाठी यायचा. त्या वर्षी अध्यक्षांचे टेबल थोडे अरुंद झाले. तपासणीला कोणी आले की पिंपावर आडवी फळी टाकून वर आंबवलेला कोबी ठेवायचो. एक अधिकारी कोबी चाखून कौतुक करून गेला, आणि खाली बियर आपले काम करत होती.

हे पिंप गेनुतेला. विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, हॉटेलात शोभेला ठेवायचे नाही. कोरडे पडू द्यायचे नाही, नाहीतर फळ्या सुटतात. ज्या महिन्यात बियर करणार नाहीस त्या महिन्यात पाणी भरून ठेव.

कलम ६. माझा भाऊ. त्या सकाळनंतर मी आणि बाल्त्रुस पंचवीस वर्षे बोललो नाही. एकाच चर्चमध्ये, तो डाव्या बाजूला, मी उजव्या. मुकादमाने आपल्या नोकरीसाठी बहिणीला पुढे केले असे लोक म्हणत. मला त्याचा राग कमी होता. मला राग याचा होता की त्याने खरे सांगायला तीच वेळ निवडली.

मधल्या काळात, दोन हजार चार साली, गेनुते दुधाची गाडी घेऊन माझ्या अंगणात आली आणि इंजिन बंद न करताच म्हणाली, “आत्या, मला बियर शिकव.”

“बापाला विचारलंस?”

“मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आत्या.”

“मग इंजिन बंद कर. ही काय पाच मिनिटांत शिकायची गोष्ट आहे?”

दोन हजार दहाच्या शरदात तिनेच बाल्त्रुसला माझ्याकडे आणले. त्याचे फुप्फुस संपत आले होते. त्याला तिने अंगणातल्या बाकावर बसवले. मी बियरचा मग भरून दिला. त्याने घोट घेतला, ओठ पुसले.

“पाणी जास्त झालंय,” तो म्हणाला.

“तुझी जीभच पाणचट झालीय, दादा. तुला दुसरं काही कळायचं बंद झालंय.”

तो हसला, मग बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “मोर्ता, मी गेल्यावर माझ्या चौथ्या आठवड्याच्या जेवणाला तुझी बियर ठेवशील?”

“ठेवीन. पण तिथे कोणी केली ते सांगायचं.”

“मी मेलेला असेन. मी कसं सांगू?”

“म्हणून आत्ता सांग.”

कुंपणापलीकडे स्तेपोनास बटाटे काढत होता, तोच स्तेपोनास, ज्याच्या लग्नाची बियर होती. बाल्त्रुसने त्याच्याकडे पाहिले, दम गोळा केला आणि हाक मारली.

“स्तेपोनास! ए स्तेपोनास! तुझ्या लग्नातली बियर आठवते?”

“आठवते की. का?”

“ती मी नाही केली. हिने केली. नंतरचीपण सगळी हिनेच.”

स्तेपोनास फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, “ते आम्हाला माहीत होतं.”

“काय?” हे मी म्हणाले.

“अगं, माझ्या बायकोने तुला आत पाहिलं होतं, त्याच आठवड्यात. सगळ्यांना माहीत होतं, मोर्ता. सगळ्या गावाला.”

“मग चोपन्न वर्षं बोलला का नाहीत?”

त्याने खांदे उडवले. “बियर चांगली होती. बोलून काय बिघडवायचं?” आणि तो पुन्हा बटाटे काढू लागला.

बाल्त्रुस रडला. मी नाही रडले. मी आत गेले आणि यीस्टची बरणी उगाचच दोनदा धुतली. त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की एका माणसाने माझे काही घेतले. त्या दिवशी कळले की अख्ख्या गावाने मिळून घेतले होते, आणि वर ते पिऊनही टाकले होते.

बाल्त्रुस फेब्रुवारीत गेला. चौथ्या आठवड्याच्या जेवणाला मी माझ्या आयुष्यातली सर्वांत कडक बियर केली. कोणी काही विचारायच्या आत मी खुर्चीवर चढले, तेव्हा गुडघे बरे होते, आणि म्हणाले, “ही मी केली आहे. आवडली तर मला सांगा. नाही आवडली तर चहा ठेवलाय.” नऊ जणांनी येऊन सांगितले. बाकीच्यांची नावे माझ्या लक्षात आहेत.

भावाला मी माफ केले आहे. त्याने निदान हाक मारली.

स्तेपोनासला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे नोटरीबाई म्हणाल्या, आणि साक्षीदार तोच आहे. चोपन्न वर्षे तो साक्षीदारच होता, फक्त सही केली नव्हती. आता करेल. हे कलम त्याने मोठ्याने वाचून मगच सही करायची, अशी माझी अट आहे. (सहीनंतर वाढवले: त्याने ती पाळली.) ‘बटाटे’ या शब्दाशी त्याचा आवाज बसला, असे यादविगाबाईंनी नोंदवून ठेवायला सांगितले. नोंदवले.

कलम ७. यीस्ट, आणि आर्विदास. बाल्त्रुस गेल्याच्या पुढच्या वर्षी त्याचा मुलगा आर्विदास कौनासहून चकचकीत गाडीतून आला. त्याच्यासोबत एक कागद होता आणि एका बाटलीचे लेबल. लेबलवर माझ्या वडिलांचा फोटो, शेजारी बाल्त्रुसचा, आणि वर अक्षरे: ‘इग्नास आणि मुलगा. घराण्याचे गुपित.’

“आत्या, फक्त यीस्ट दे आणि इथे सही कर, की हे दुसऱ्या कोणाला देणार नाहीस. आजोबांचं नाव अख्ख्या देशात जाईल.”

“आजोबांचं नाव कबरीच्या दगडावर आहे. तिथे ते बरं आहे. आणि हा मुलगा कोण?”

“कोण म्हणजे? बाबा.”

“तुझ्या बाबांनी हे यीस्ट मारलं होतं, बाळा. एका सकाळीत.”

त्याने लेबल माझ्याकडे सरकवले. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “बघ, विक्रीवाल्यांशी बोललो मी. तुझा फोटो मागच्या बाजूला टाकू. डोक्याला रुमाल, हातात टोपली, अशी गावची आजी. लोकांना आवडतं.”

“नाव घालणार?”

“नावाची गरज नसते गं, आजीला.”

मी लेबल घडी करून त्याच्या खिशात घातले. त्यानंतर तो तीन वेळा आला. एकदा वकील घेऊन आला. एकदा तर म्हणाला की आत्याचे वय झाले, तिला कळत नाही, कोर्टाला कळवावे लागेल. नोटरीबाईंनी मला तारीख, वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारले, ते त्याच्यामुळे. मी तिन्ही सांगितले आणि पंतप्रधानांबद्दल माझे मतही सांगितले.

म्हणून यीस्टबद्दल माझी इच्छा अशी. यीस्ट मी कोणालाही वारसाने देत नाही, कारण ते माझे नाही. आमच्या घरातले यीस्ट छप्पन्न साली मेले. आज जे जिवंत आहे ते यूलेबाईंच्या घरून परत आलेले आहे, आणि त्यांच्या घरी ते होते कारण वडिलांनी कधीतरी न मोजता दिले होते. कुलुपात ठेवले असते तर आज आर्विदासला लेबलवर छापायला काही उरले नसते.

माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, गेनुतेने विहिरीजवळ टेबल मांडावे. जो कोणी स्वच्छ बरणी घेऊन येईल त्याला दोन पळ्या यीस्ट द्यावे. बाई असो, पुरुष असो, परगावचा असो. सही घेऊ नये, नाव विचारू नये, पैसे घेऊ नयेत. आर्विदासलाही द्यावे. त्याने रांगेत उभे राहावे. शंभर घरांत पोहोचलेल्या वस्तूला कोणी एकट्याचे गुपित म्हणू शकत नाही. म्हणायचेच असेल तर त्याने खुशाल म्हणावे, लोक हसतील.

माझे नाव कोणाला वापरायचे असेल तर पूर्ण वापरावे. रुमाल घातलेली आजी म्हणून मी उपलब्ध नाही.

कलम ८. किरकोळ. बँकेत जे काही निघेल त्यातून कोठाराचे छत नीट करावे. कोंबड्या गेनुतेला. मांजर कोणाचेच नाही, ते ज्याला निवडेल त्याचे. लिउदासचा कोट त्याच्या आकाराच्या माणसाला द्यावा. असा माणूस गावात आता नाही, तर वाट पाहावी.

कलम ९. दगड. लिउदासच्या कबरीच्या दगडावर माझे नाव आणि जन्माचे साल आधीच कोरलेले आहे. त्याखाली ‘बियर करणारी’ असे कोरावे. आमच्या चर्चच्या पाद्रीबुवांनी सुचवले की ‘एकनिष्ठ पत्नी’ अधिक शोभेल. मी त्यांना म्हणाले, “एकनिष्ठ होते ते लिउदासला माहीत आहे, तो शेजारीच आहे. हे दुसरं बाकीच्यांसाठी.” ते म्हणाले की दफनभूमीत दारूचा उल्लेख बरा दिसत नाही. मी विचारले की मग दर चौथ्या आठवड्याच्या जेवणाला तुम्ही तीन मग कशाचे पिता. त्यांनी परवानगी दिली. ती लेखी आहे, याच वहीत मागे चिकटवली आहे.

कलम १०. माझ्या नंतरचे जेवण. दफनाच्या दिवशी चहा द्यावा. चांगली बियर घाईत होत नाही आणि मी कोणालाही पूर्वसूचना देऊन मरणार नाही. बियर चौथ्या आठवड्याच्या जेवणाला ठेवावी, आणि ती गेनुतेने एकटीने केलेली असावी. आजवर तिने जी बियर केली तेव्हा मी बाकावर बसून बोलत होते. मी बोलत असले की तिचा हात बिचकतो, हे मला दिसते, पण मला गप्प बसता येत नाही. त्या वेळी मी गप्प असेन. तेवढा तिचा फायदा.

पहिली बियर आहे, बिघडूही शकते. आंबट झाली तर आंबट म्हणा, पण तिच्या तोंडावर म्हणा. चांगली झाली तर तेही तिच्या तोंडावर, त्याच दिवशी, गेनुते असे नाव घेऊन, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. घरी जाऊन बायकोला सांगितलेले चालणार नाही.

आणि ‘मोर्ताची याहून बरी असायची’ असे जो कोणी म्हणेल, तो माझा कितीही जवळचा असो, त्याच्या हातातला मग काढून घ्यावा आणि त्याला घरी पाठवावे.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी लिहिले, परत वाचले, आणि एकही शब्द मागे घेतलेला नाही.

लिहून ठेवणार:
मोर्ता गाइलिएने, बियर करणारी
(सही)

साक्षीदार:
१. स्तेपोनास बाल्सिस, शेजारी. (सही) कलम सहा मोठ्याने वाचले. त्यात लिहिले आहे ते खरे आहे. मला माहीत होते.
२. यादविगा मोत्सकुते, ग्रंथपाल, क्लेविने वाचनालय. (सही) शुद्धलेखन तपासले. मजकुराला हात लावू दिला नाही.

ठिकाण: क्लेविने, जिल्हा बिर्झाई
दिनांक: १८ सप्टेंबर २०१४